आभाळाचे ठिगळ : चिकटवलेल्या सांध्याच्या कसोटीचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला भाषा शिकवीत नव्हते, गणितही शिकवीत नव्हते. ते सुतारकामाचे गुरुजी होते. आयुष्यभर मराठी साहित्याचे अध्यापन केलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून काय बोलावे, हा प्रश्न निमंत्रण आल्यापासून मला पडला होता. त्याचे उत्तर अखेर त्यांच्याच एका धड्यात सापडले.

साठीच्या दशकातली गोष्ट आहे. शाळेच्या मागच्या बाजूस असलेल्या कर्मशाळेत आम्ही मुले चौरंग करीत होतो. पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात सरस वितळत असे आणि त्याचा उग्र वास वर्गभर पसरलेला असे. माझा चौरंग गुळगुळीत झाला होता, त्याला पॉलिशही उत्तम बसले होते. गुरुजींनी तो हातात घेतला, उलटा केला आणि लाकडी हातोड्याचा एक ठोका देऊन त्याचा पाय सरळ उखडला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, ‘‘रडू नकोस बाळा, तुटले कुठे ते पाहा.’’ पायाच्या टोकाला सरसाचा चकचकीत, कोरडा पापुद्रा होता. त्याच्यासमोरच्या लाकडाला सरस शिवलाही नव्हता. सांधा भरलेला दिसत होता, पण जुळलेला नव्हता. मग त्यांनी स्वतः केलेला एक नमुना आमच्यादेखत तोडला. तो सांध्यात तुटला नाही, शेजारच्या लाकडात तुटला आणि सरसावर लाकडाचे धागे चिकटून राहिले. चांगल्या सांध्याची खूण ही, असे त्यांनी सांगितले.

सांध्याची ताकद तो मोडल्याशिवाय कळत नाही. आणि मोडल्यावर तो उपयोगाचा राहत नाही. हा पेच माणसाने कसा हाताळला, याचा इतिहास मी आज आपणांपुढे मांडणार आहे. त्या इतिहासात आपल्या हैदराबादचे नाव अनपेक्षित ठिकाणी येते, म्हणूनही तो सांगावासा वाटतो.

वज्रलेप आणि सरस

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिर याच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल आणि वेखंड ही द्रव्ये द्रोणभर पाण्यात घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, बोळ, राळ, जवस, बेल इत्यादी द्रव्ये मिसळून तो कल्क तापवून देवालये, भिंती, मूर्ती व विहिरी यांस लावावा, असा त्याचा विधी आहे. दुसऱ्या एका पाठात गाई-म्हशींची शिंगे, बोकडाचे शिंग, गाढवाचे केस आणि म्हशीचे कातडे यांचा उपयोग सांगितला आहे. हा पाठ म्हणजे प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचाच पूर्वज होय. पहिल्या लेपाची टिकाऊपणाची मुदत ग्रंथकाराने सहस्र अयुत, म्हणजे एक कोटी वर्षे दिली आहे.

या आकड्यास हसणे सोपे आहे. परंतु त्या अध्यायात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घ्यावे. एक कृती आहे : कोणते द्रव्य, किती पाण्यात, किती आटवून आणि गरम असतानाच लावावे, याची. दुसरी ग्वाही आहे : कोटी वर्षांची. कृती पडताळून पाहता येते. ग्वाही पडताळणारा कोणी उरतच नाही. कृतीची काटेकोर नोंद ठेवणारी ही दृष्टी पुढे या विद्येचा मुख्य आधार ठरली.

वज्रलेप हा शब्द आपण अजून सोडलेला नाही. जून २०२० मध्ये पंढरपूरला विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज थांबवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक लेपन केले, तेव्हाही मराठी वृत्तपत्रांनी त्यास वज्रलेपच म्हटले. परिभाषा कोशांनी ‘आसंजक’ असा शब्द घडवला आहे. तो शास्त्रशुद्ध आहे, पण कर्मशाळेत कोणी तो उच्चारत नाही. तिथे सरस, खळ, डिंक, लुकण, राळ हेच शब्द चालतात. यांतला ‘सरस’ फारसी ‘सिरीश’ वरून आला. आपल्या हैदराबादी दख्खनीत तो ‘सरेस’ होतो. आपण ज्याला सरस-नीरस म्हणतो त्या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते नाही. तरी चांगल्या सांध्यात तो सरस ठरावा ही अपेक्षा काही वावगी नाही!

निजामाची विमाने

आता आबिड्सकडे येऊ. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड याच्या दुकानावरून ज्या चौकाला हे नाव पडले, तिथे रविवारी सकाळी दुकाने बंद असतात आणि पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्यापैकी अनेकांचे अर्धे वाचन त्या पदपथाने पुरवले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे मला जुन्या विमानांवरचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यात पहिल्या महायुद्धातील एका विमानावर रंगवलेल्या अक्षरांत ‘हैदराबाद’ हे नाव वाचून मी चकित झालो.

१९१८ हे वर्ष आपल्या शहरात उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे म्हणून आठवले जाते. त्याच वर्षी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डी. एच. ९ ए जातीची विमाने मिळाली आणि त्या पथकाच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. यांतले एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले. ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोहोचले आणि १९७० च्या दशकात इंग्लंडला परत गेले. दुरुस्त केलेले ते विमान आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे.

ही विमाने लाकूड, कापड आणि सरस यांची होती. त्या काळात विमान बांधणारा कारागीर हा मुख्यतः सुतारच असे. लाकडी सांगाड्याचे जोड प्राण्यांच्या सरसाने किंवा दुधातल्या केसीन या द्रव्यापासून केलेल्या चिकटद्रव्याने बसवीत. दुधाचे चिकटद्रव्य आरंभी भक्कम असते. ओल मात्र त्याला मानवत नाही.

सव्वीस वर्षांनी हेच हैदराबाद पथक पुन्हा लाकडी विमानांवर आले, आणि तेही आपल्या देशात. १९४४ च्या अखेरीस ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी त्याला ‘मॉस्किटो’ विमाने द्यायची होती. मॉस्किटो हे आपल्या काळातील आश्चर्य होते. बर्च लाकडाच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये हलके बाल्सा लाकूड घालून त्याचे धड दोन अर्धुकांत साच्यावर घडवीत आणि मग दोन्ही अर्धुके चिकटवीत. दोन कडक पदर आणि मध्ये हलका गाभा ही रचना आजच्या संमिश्र पदार्थांची आजीच म्हणावी लागेल. लाकडी सामान करणाऱ्या अनेक कारखान्यांनी त्याचे भाग बनवले. एकूण ७,७८१ मॉस्किटो बांधली गेली.

दोष कोणाचा?

१९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारतातील काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडून कोसळली आणि वैमानिक मृत्युमुखी पडले. पंखावरची लाकडी कातडी मुख्य तुळईपासून सुटत असल्याचे आढळले. नोव्हेंबरात विमाने जमिनीवर ठेवण्याची आज्ञा झाली आणि मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड यांच्या नेतृत्वाखाली तपास-पथक भारतात आले.

पहिले उत्तर सर्वांना सोयीचे होते. दोष भारताच्या हवामानाचा! उष्णतेने व मोसमी पावसाच्या ओलीने केसीनचा सरस उखडला, असा समज पसरला. डिसेंबरच्या आरंभी या पथकाने अहवाल दिला. त्याने सरसाला दोष दिला नाही. पावसाळी हवेत विमानाचा सांगाडा आकसल्यामुळे अपघात झाले, असे मत मांडले. म्हणजे आरोपी बदलला, पण तो आमचा पाऊसच राहिला.

प्रकरण इथेच मिटले असते. पण पुढच्या तपासणीने निराळी वाट धरली. इंग्लंडमध्येच असलेली, मोसमी पाऊस कधी न पाहिलेली विमाने उघडून पाहण्यात आली. सहा निरनिराळ्या प्रकारच्या मॉस्किटोंत तेच दोष आढळले. ही सर्व विमाने हॅटफील्ड आणि लीव्ह्सडेन या दोन कारखान्यांत बांधलेली होती. निष्कर्ष स्पष्ट होता : बांधणीतच उणीव होती आणि सरस लावण्याचे काम हवे तसे झालेले नव्हते. पुढे पंखावरील कातडीच्या लांबलचक जोडावर प्लायवूडची पट्टी बसवून तो जोड झाकण्याची सुधारणा करण्यात आली. म्हणजे विमानाला एक ठिगळच लावले गेले.

मला या प्रसंगातली तर्काची शिस्त मोलाची वाटते. ‘हवामानाने बिघडले’ असे म्हणणाऱ्याला, जिथे ते हवामानच नाही तिथे काय स्थिती आहे हे पाहावे लागते. युद्धाच्या धामधुमीत, आपल्याच कारखान्यांची अब्रू पणास लागली असताना हे पाहिले गेले, याचे श्रेय त्या तपासनिसांना दिले पाहिजे. माझ्या चौरंगाच्या बाबतीतही मी प्रथम सरस जुना असल्याची तक्रार केली होती. गुरुजींनी त्याच डब्यातल्या सरसाने केलेला आपला नमुना तोडून दाखवला आणि माझी तक्रार संपली.

तिकिटाचा कोपरा

प्रश्न असा की, सांधा किती भार सोसेल हे आधी गणिताने सांगता येईल काय? सामान्य समज असा की, दोन पट्ट्या एकमेकींवर जितक्या अधिक चढवाव्यात तितका जोड बळकट. १९३८ मध्ये फोल्करसेन या जर्मन संशोधकाने दाखवले की भार जोडावर सारखा वाटला जात नाही. तो दोन्ही टोकांशी एकवटतो आणि मधला भाग फारच थोडे ओझे उचलतो. मॉस्किटो कोसळत होती त्याच १९४४ साली गोलंड आणि रायस्नर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. एकावर एक चढवलेल्या पट्ट्या ओढल्या की त्या किंचित वाकतात आणि त्यामुळे टोकाशी सांधा उचलून सोलणारा ताण निर्माण होतो, हे त्यांनी मांडले.

याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. आबिड्सच्या मुख्य टपाल कचेरीत खळीच्या डबीत बोट बुडवून आपण पाकिटांवर तिकिटे चिकटवली आहेत. चिकटलेले तिकीट पाकिटाच्या अंगाने सरकवून पाहा, ते हलत नाही. त्याचा कोपरा नखाने उचला, सारे तिकीट सहज सुटून येते. चिकटद्रव्य सरकण्यास बळकट आणि सोलण्यास दुबळे असते. म्हणून जाणता कारागीर ठिगळाची कड पातळ करीत नेतो, आणि आंब्याचे कलम बांधताना घेतात तसा लांब तिरपा छाट सांध्याला देतो.

मग मधला भाग निरुपयोगी म्हणून कापून टाकावा काय? १९७० च्या दशकात हार्ट-स्मिथ यांनी याचे उत्तर दिले. जो मधला भाग भार उचलत नाही असे दिसते, तोच सांधा दीर्घकाळाच्या ओझ्याखाली हळूहळू सरकू नये म्हणून जागेवर धरून ठेवतो. ते जोडाचे राखीव बळ असते. आखूड जोड प्रयोगशाळेत एकदा ओढून पाहिला तर उत्तम ठरेल. वर्षानुवर्षे टिकेल तो पुरेसा लांब जोडच.

धातूवर तंतूंचे ठिगळ

याच काळात चिकटद्रव्येही बदलली. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९४१ मध्ये ‘रेडक्स’ हे द्रव्य तयार केले. धातूचे विमान-भाग चिकटवण्याइतके ते भरवशाचे होते. महायुद्धानंतर एपॉक्सी राळा आल्या. घरोघरी दोन नळ्यांतून मिळणारे ॲराल्डाइट हे त्याच कुळातले. बारीक काचेचे, बोरॉनचे किंवा कार्बनचे तंतू अशा राळेत बसवले की संमिश्र पदार्थ होतो : वजनाने हलका, तंतूंच्या दिशेने अतिशय बळकट.

आता ठिगळाची कथा ऑस्ट्रेलियात जाते. मेलबर्नच्या वैमानिकी संशोधन प्रयोगशाळेत ॲलन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात, तडे गेलेल्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर बोरॉनच्या तंतूंचे ठिगळ एपॉक्सीने चिकटवण्याची पद्धत विकसित केली. १९७५ च्या सुमारास हर्क्युलिस मालवाहू विमानांच्या पंखांवर ती वापरली गेली, नंतर मिराज लढाऊ विमानांवरही. पूर्वीची रीत तड्यावर पत्रा ठेवून खिळे मारण्याची होती. प्रत्येक खिळ्यासाठी नवे भोक पाडायचे आणि प्रत्येक भोक हे नव्या तड्याचे जन्मस्थान! चिकटवलेल्या ठिगळाला भोक लागत नाही आणि भार सबंध पृष्ठावरून वाहून जातो.

याचे गणित फ्रान्सिस रोझ यांनी मांडले. उघड्या तड्याच्या टोकावरील ताणाची तीव्रता तडा लांबेल तशी वाढत जाते; म्हणून तडा जितका मोठा तितका धोका अधिक. ठिगळ नीट चिकटलेले असेल तर ती तीव्रता एका मर्यादेपलीकडे जात नाही, मग त्याच्याखालचा तडा आणखी लांबला तरी. ठिगळ तडा बुजवीत नाही, पण तडा उघडू पाहणारे दोन्ही काठ ते धरून ठेवते. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ असे आपल्याकडे हताशपणे म्हणतात. इथे आभाळातल्या यंत्राला ठिगळ लावता आले, आणि ते किती पुरेल हेही मोजता आले.

पण या सर्व गणितात एक गृहीत आहे. चिकटद्रव्य पृष्ठाला खरोखर चिकटलेले आहे, हे ते गृहीत.

आभाळ फाटले तेव्हा

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग आकाशात उडून गेला. एक हवाई परिचारिका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. वैमानिकांनी उघडे विमान माऊई बेटावर उतरवले आणि उरलेले ९४ जण वाचले. विमान एकोणीस वर्षांचे होते आणि त्याने ८९,६८० उड्डाणे केली होती.

त्याच्या पत्र्यांचे जोड कारखान्यात एपॉक्सीने थंड पद्धतीने चिकटवून वर खिळे मारलेले होते. भार मुख्यतः चिकटद्रव्याने वाहावा अशी योजना होती. पण काही ठिकाणी ते नीट धरले नाही, समुद्रावरील खारट ओल आत शिरली, पत्रा गंजला आणि जोड सुटत गेला. भार खिळ्यांवर आला. खिळ्यांच्या भोकांच्या धारदार कडांशी बारीक तडे पडले, एकमेकांना मिळाले आणि एके दिवशी छत गेले. बाहेरून पाहता तो जोड जोडच दिसत होता.

मित्रहो, हा माझ्या चौरंगाचाच दोष होता. नुसता टेकलेला, पण न धरलेला सांधा. पोकळी असेल तर ध्वनिलहरींनी ती सापडते. परंतु दोन्ही पृष्ठे एकमेकांना नुसती टेकून असतील आणि चिकटण्याचे बळच नसेल, तर ते बळ सांधा न तोडता मोजून सांगणारी खात्रीची पद्धत अद्याप हाती आलेली नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय सुतारी आहे. त्याला पाचरीची कसोटी म्हणतात. दोन चिकटवलेल्या पट्ट्यांच्या टोकात पाचर ठोकायची, तिने पडलेल्या फटीची लांबी मोजायची आणि तो तुकडा उष्ण, दमट हवेत ठेवून द्यायचा. फट जागच्या जागी राहिली तर पृष्ठाची तयारी चांगली. फट धावत पुढे गेली तर वाईट. सरळ ओढून पाहण्याच्या कसोटीत नवा सांधा खुशाल उत्तीर्ण होतो आणि पावसाळ्यात अनुत्तीर्ण ठरतो. पाचर त्याला आधीच उघडा पाडते. तुकडा फुटल्यावर गुरुजींचाच प्रश्न विचारला जातो : तुटले कुठे? चिकटद्रव्य मध्येच फाटून दोन्ही बाजूंना राहिले, तर ते धरले होते. एक बाजू स्वच्छ निघाली, तर ते धरलेच नव्हते. संमिश्र पदार्थाचे तंतू उपटून आले, तर सांधा पदार्थापेक्षा बळकट होता.

दुसरा उपाय संगणकाचा. आज सांध्याचे हजारो लहान भागांत विभाजन करून, पदर सुटायला किती ऊर्जा लागते हे प्रयोगाने मोजून, तो कुठून आणि कसा उकलत जाईल याची प्रतिकृती मांडतात. ती फार उपयोगी आहे. कोणते नमुने तोडून पाहावेत हे तिच्यामुळे कळते आणि अनेक महागडे प्रयोग वाचतात. पण तिला पुरवलेला प्रत्येक आकडा कोठे तरी कोणी तरी एक सांधा तोडून मिळवलेला असतो. प्रतिकृती कसोटीची बहीण आहे. ती तिची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा उपाय नियमांचा. ज्या चिकटलेल्या जोडावर विमानाचे अस्तित्व अवलंबून आहे त्याबाबत अमेरिकेच्या नियामकांनी तीन वाटा ठेवल्या : जोड ठरावीक मर्यादेपर्यंत सुटला तरी विमान अपेक्षित कमाल भार सोसू शकेल अशी रचना दाखवा, किंवा तयार झालेल्या प्रत्येक वस्तूवर प्रत्यक्ष भार देऊन पाहा, किंवा प्रत्येक जोडाचे बळ खात्रीने सांगणारी तपासणीची पद्धत सिद्ध करा. तिसरी वाट आज तरी कागदावरच आहे. म्हणून दुरुस्तीच्या ठिगळाबाबत नियम असा बसला की, ठिगळ पूर्ण गळून पडले तरी विमान तो भार सोसून उतरले पाहिजे. एवढे करूनही पृष्ठ घासणे, धुणे, वाळवणे, ठरलेल्या उष्णतेत व दाबाखाली ठेवणे यांची पायरीपायरीने नोंद ठेवावी लागते. जिथे फळ तपासता येत नाही, तिथे कृतीच तपासावी लागते. वराहमिहिराची ग्वाही काळाने बाद केली, पण ‘एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावे’ ही त्याची नोंदीची रीत आजच्या कर्मशाळेत नव्या रूपाने चालू आहे.

पुन्हा आपल्या गावी

आपले शहर आता या विद्येपासून दूर नाही. येथील संरक्षण प्रयोगशाळांत संमिश्र पदार्थांवर मोठे काम झाले. २२ मे १९८९ रोजी उडालेल्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या अग्रभागाला कार्बन तंतूंच्या संमिश्राचे उष्णता-कवच होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तेव्हा येथे संचालक होते. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील अस्थितज्ज्ञांच्या सहकार्याने पुढे तसल्याच हलक्या पदार्थाचे कॅलिपर मुलांसाठी तयार झाले. तीन किलोंच्या आसपासचे ओझे सुमारे तीनशे ग्रॅमवर आले, आणि कलाम हे आपल्या आयुष्यातील मोठ्या समाधानांपैकी एक मानीत. बंगळूरला घडलेले आणि ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले ‘तेजस’ विमान मोठ्या प्रमाणावर कार्बन संमिश्राचे आहे. बेकर यांनी ज्या जातीच्या विमानाला पहिली ठिगळे लावली, त्या हर्क्युलिसच्या नव्या पिढीचे शेपटीचे भाग आज हैदराबादजवळच्या आदिबटला येथे तयार होतात. निजामाने पैसे देऊन विमानांवर या शहराचे नाव रंगवून घेतले होते. आता या शहराचे हात विमान जोडीत आहेत. या दोहोंतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्यात देणगी होती आणि दुसऱ्यात जबाबदारी आहे. त्यांतला एखादा सांधा सुटला तर पावसाला दोष देता येणार नाही.

अशी जबाबदारी पेलणारा हात कोठे घडतो? पदवीच्या वर्गात गणित शिकवले जाते आणि ते शिकवलेच पाहिजे. पण आपलेच काम आपल्या हाताने मोडून, ते कुठे तुटले हे न लाजता पाहण्याची सवय बारा-तेराव्या वर्षी लागली तर लागते. आमची ती कर्मशाळा बरीच वर्षे बंद आहे. तिथे आता जुनी बाके रचून ठेवलेली असतात. यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. अभ्यासक्रम बदलले, परीक्षा बदलल्या. तरीही माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या व्याख्यानमालेच्या निधीत यंदा जी भर पडेल तिच्यातून ती खोली रिकामी करावी, चार शिकंजे, दोन रंधे, पटाश्या आणि सरसाचा डबा आणावा. आणि वर्षातून एक दिवस असा ठेवावा की, मुलांनी आपापला सांधा सर्वांसमोर तोडून दाखवावा. तुटलेले तुकडे नाव व तारीख घालून फळीवर मांडून ठेवावेत. चांगलेही आणि वाईटही.

माझ्या त्या चौरंगाचा पाय गुरुजींनी मला पुन्हा बसवायला लावला. दोन्ही पृष्ठे खरवडून, पुसून, शेकून, पातळ सरस लावून मी तो शिकंज्यात रात्रभर ठेवला. आमच्या घरी देवघरापुढे तो चौरंग आजही आहे. तो पाय मी पुन्हा तोडून पाहिलेला नाही, त्यामुळे सांधा किती बळकट आहे हे मला सांगता येणार नाही. तो कसा बसवला एवढे मात्र मी अजूनही पायरीपायरीने सांगू शकतो.